पाय जिथे आपोआप थांबतात: निसर्गातल्या ऊर्जेच्या जागा तुम्हाला कशा सापडल्या?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मी गेली बारा-तेरा वर्षं रानात एकटी भटकते. ट्रेकिंग वगैरे म्हणावं असं नाही, नुसतं चालणं. सुरुवातीला मॅप घेऊन, पॉइंट ठरवून जायचे, म्हणजे अमुक धबधबा, तमुक कडा, फोटो काढला की परत. एकदा वाट चुकले. फार नाही, मूळ वाट वरती दिसत होती, पण मध्ये झुडपं इतकी दाट की खाली ओढ्यात उतरून वळसा घालावा लागला आणि तिथे एका दगडापाशी पाय थांबले.

दगड साधाच. माझ्या कमरेएवढा, एका अंगाने शेवाळलेला आणि ओढ्याच्या बाजूला पाण्याने कोरून कोरून झालेला खळगा, बरोबर पाठ टेकेल असा. वरती दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे ऊन यायचं ते चिल्लर सांडल्यासारखं. म्हटलं दोन मिनिटं टेकू आणि निघू. उठून फोन बघितला तर पाऊण तास गेला होता, मला वाटत होतं दहा मिनिटं झाली असतील! काही दिसलं नाही हं, प्रकाश-बिकाश काही नाही. फक्त श्वास एकदम पोटात उतरला आणि डोक्यात जी कायम बडबड चालू असते ती बंद झाली. कधी बंद झाली तेही कळलं नाही, पुन्हा सुरू झाली तेव्हा कळलं की मध्ये ती नव्हती.

तेव्हापासून मी जागा "ठरवून" शोधणं सोडलं. आता कशी जाते ते सांगते. फोन बंद करून सॅकच्या तळाशी. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच अपेक्षा न ठेवता चालायचं, कारण तेवढा वेळ तर घरचे-ऑफिसचे विचारच सोबत चालत असतात. वाटेला फाटा फुटला की लगेच वळायचं नाही, दोन श्वास थांबायचं, अंग एका बाजूला किंचित कलतं, अगदी किंचित, तिकडे जायचं. एखाद्या ठिकाणी मान दोनदा वळली की थांबायचं. खांदे उतरतात का, जबडा सैल होतो का, श्वास लांबतो का एवढंच बघायचं. तसं झालं तर वीस मिनिटं तरी बसायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत जायचं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, मुद्दाम वेगळ्या मूडमध्ये. चिडलेली असताना जाऊन बघायचं. तीन वेळा तसंच झालं तरच मी ती जागा "माझी" म्हणते. पहिल्याच भेटीत भारावून टाकणाऱ्या जागा बऱ्याचदा दुसऱ्या भेटीत नुसत्या सुंदर निघतात, आणि सुंदर असणं म्हणजे ऊर्जा असणं नव्हे असं मला आता पक्कं वाटतं.

तुमचे अनुभव लिहा ना. कसं ओळखता? कुठल्या प्रकारच्या जागी होतं?

निवांत

ताई, फार छान लिहिलंय, तुमचा तो दगड डोळ्यासमोर आला.

तुमचं वाचताना ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवला. योगाला बसायची जागा कशी असावी त्याचं वर्णन आहे तिथे, आणि पहिलीच खूण अशी की "बैसलिया उठों नावडे", म्हणजे बसलं की उठावंसंच वाटू नये. तुमचा पाऊण तास तोच! पुढे असंही येतं की कोणी संसारी वाटसरू सहज चुकून तिथे आला तरी तो माघारी फिरायचं विसरतो. सातशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं वर्णन आहे आणि तुम्हीही वाट चुकूनच पोचलात.

मला त्यातले बारकावे आवडतात. ऊन आहे पण कोवळं, वारा आहे पण मंद झुळकेएवढा, जवळ वाहतं पाणी, आणि शांतता इतकी की श्वापदांची वर्दळ नाही, पोपट आणि भुंगेसुद्धा तिकडे फिरकत नाहीत. नुसतं "पवित्र जागा" म्हणून सोडून दिलेलं नाही. अंगाला काय जाणवेल, कानाला काय ऐकू येईल हे सगळं सांगितलंय. जागा अंगानेच ओळखायची असते असं मी त्यातून घेतलं.

चकवा

मी थोडं वेगळं लिहितो, कोणाचा विरस करायचा नाहीये, मलाही अशी एक जागा आहे म्हणूनच लिहितोय.

"ऊर्जा" हा शब्द वापरला की लोक लगेच यंत्रं, तारा, लंबक घेऊन निघतात आणि जमिनीखालच्या रेषा शोधतात, तिथे माझी गाडी अडते. ले लाइन्सचं घ्या. १९२१ मध्ये इंग्लंडमध्ये अल्फ्रेड वॉटकिन्स यांना पहिल्यांदा वाटलं की जुनी स्थळं सरळ रेषांत दिसतात. पण त्यांच्या मते त्या जुन्या काळच्या चालायच्या वाटा होत्या, बस्स. ऊर्जा वगैरे त्यात नव्हतंच, ती नंतर, १९६० च्या पुढे लोकांनी त्यात घातली. आणि काठीने पाणी शोधणाऱ्यांची १९९० मध्ये जर्मनीत कासेलला नीट चाचणी झाली, ३० जण होते, सगळे आपापल्या जागी प्रामाणिक, जमिनीत पुरलेल्या पाइपमधून पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणं उडवून यावा तसाच आला.

मग ओढ्याकाठच्या दगडाशी होतं ते काय? मला यात जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाचं म्हणणं पटतं. १९७५ मध्ये त्यांनी मांडलं की माणसाला अशी जागा आवडते जिथून समोरचं लांबवर दिसतं पण आपण स्वतः झाकलेले असतो, पाठीला आडोसा, डोक्यावर थोडं छत, नजर मोकळी. पाऊलवाट ताई, तुमचा दगड परत वाचून बघा. पाठीला खळगा, वरती फांद्या, समोर ओढा! लाखो वर्षं जे शरीर उघड्यावर जगलं त्याला अशा जागी "आता सुरक्षित आहे" असं वाटणारच.

माझी जागा पण अशीच आहे, एका टेकाडाच्या कुशीत. कारण कळलं म्हणून तिथलं वाटणं काही कमी झालेलं नाही.

पाऊलवाट

@चकवा विरस कसला, उलट बरं वाटलं! दगडाचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं, मी कधी असा विचारच केला नव्हता. काठ्या-लंबक मीही वापरत नाही. ऊर्जा म्हणजे मीटरवर मोजायची वस्तू असं मला म्हणायचंच नाही, पण "प्रसन्न वाटलं" म्हटलं तर ते फार तोकडं पडतं, म्हणून तो शब्द वापरते. तिथे गेल्यावर माझ्यात काहीतरी हलतं आणि जे हलतं ते मी एकटीने हलवलेलं नसतं, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

आतल्या आवाजाबद्दल मात्र एक सांगते. लोकांना तो म्हणजे कल्पनाविलास वाटतो. अमेरिकेत आयोवामध्ये मेंदूशास्त्रज्ञ दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पत्त्यांचा एक प्रयोग केला होता. चार गड्ड्या, दोन हळूहळू बुडवणाऱ्या, दोन फायद्याच्या. खेळणाऱ्यांना कुठली गड्डी वाईट हे सांगता यायच्या आधीच वाईट गड्डीकडे हात जाताना त्यांच्या तळव्यांना बारीक घाम येत होता. म्हणजे शरीराला आधी कळलं, डोक्याला नंतर. फाट्यावर दोन श्वास थांबून मी जे ऐकते ते हेच असावं, पानांचा वास, ओलावा, पायाखालची माती, लांबून येणारा पाण्याचा आवाज, यातलं किती शरीर टिपतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

ओंजळ

पहिल्यांदाच लिहितेय इथे.

बाबा गेले त्या वर्षी मला घरात बसवत नव्हतं. कुठेही चालत सुटायचे. एका तळ्याच्या मागच्या बाजूला एक वाकलेलं झाड आहे, खोड आधी जमिनीला समांतर जातं आणि मग एकदम वर वळतं, कधीतरी पडता पडता सावरलेलं असणार. त्या आडव्या खोडावर बसायचे. साल एका जागी गुळगुळीत झालेली, माझ्या आधी कितीजण बसले असतील कोण जाणे. खोडाच्या वळणात एक ढोली होती आणि तिच्यातून मुंग्यांची रांग सतत ये-जा करायची, मी तासभर तेच बघत बसायचे.

मला तिथे "पॉझिटिव्ह" असं काही वाटत नव्हतं, हे मुद्दाम लिहितेय कारण सगळे म्हणतात ऊर्जेच्या जागी आनंद होतो. मला तिथे रडू यायचं. घरी येत नव्हतं, लोकांसमोर येत नव्हतं, डॉक्टरांसमोर पण नाही, तिथे बसलं की पाच मिनिटांत यायचं आणि मग मोकळं वाटायचं. त्या झाडाने मला काय दिलं ते मला सांगता येणार नाही पण मी तिथे कशी पोचले ते पक्कं आठवतं, मी तळ्याच्या पुढच्या बाजूच्या बाकांकडे चालले होते आणि पाय मागे वळले.

सावली

@ओंजळ 🙏 मिठी तुला. रडू येणारी जागा ही पण ऊर्जेचीच जागा गं.

निवांत

ओंजळ, लिहिलंत हे फार बरं केलंत.

डोंगरवेडा

धागा मस्त चाललाय पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, प्लीज सगळ्यांनी वाचा.

उघड्या माथ्यावर, सुळक्यावर, पठारावर असताना अंगावर शहारा येऊन केस उभे राहिले, हाताला मुंग्या आल्या, धातूच्या काठीतून किंवा दगडातून बारीक गुणगुण ऐकू आली, तर ती आध्यात्मिक ऊर्जा नाही!! ती वीज पडायची खूण आहे, तुमच्या आसपास विद्युतभार साचलाय आणि वीज कुठल्याही क्षणी पडू शकते. १९७५ साली कॅलिफोर्नियात मोरो रॉकवर भावंडांनी एकमेकांचे केस हवेत उभे राहिले म्हणून हसत हसत फोटो काढले होते आणि थोड्याच वेळात तिथे वीज पडली. तो फोटो पुढे जगभर वीजसुरक्षेच्या माहितीत वापरला गेला. बघितलात तर अंगावर काटा येईल, चेहऱ्यावर इतकं निरागस हसू आहे.

असं झालं की लगेच माथ्यावरून खाली उतरायचं, पळायचं. एकट्या झाडाखाली जायचं नाही, कपारीच्या तोंडाशी बसायचं नाही, ग्रुपमध्ये असाल तर एकमेकांपासून लांब व्हायचं. ढग गडगडायला लागले की माथ्यावर ध्यान नको, गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबावं.

मी स्वतः एकदा हा मूर्खपणा करून बसलोय. तळवे झिणझिणत होते आणि मला वाटलं जागा जागृत आहे. सोबतच्या एका अनुभवी माणसाने दंडाला धरून खाली ओढलं. त्याचा हात अजून जाणवतो.

भूशास्त्री

डोंगरवेडा यांच्याशी १००% सहमत, आणि त्यात भर.

खोलगट जागा, गुहा आणि ज्वालामुखीचा प्रदेश यांची काळजी घ्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि गुहेच्या तळाशी साचून राहतो, त्याला रंग नाही वास नाही. डोकं जड होणं, गरगरणं, धाप लागणं, झोप येणं, ही त्याची लक्षणं लोक "ध्यान लागतंय" म्हणून अंगावर घेतात. इटलीत नेपल्सजवळ एक छोटी गुहा आहे, तिचं नावच कुत्र्याची गुहा, कारण तिथे वायू जमिनीलगत साचतो, उभ्या माणसाला काही होत नाही आणि कुत्रा बेशुद्ध पडतो. पूर्वी पर्यटकांना हाच क्रूर खेळ करून दाखवत. १९८६ मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून असाच वायू एकदम बाहेर आला आणि एका रात्रीत १७०० च्या वर माणसं गेली. तेव्हा गुहेत किंवा खळग्यात बसून गरगरायला लागलं तर आधी बाहेर या, अर्थ नंतर लावा.

आता दुसरी बाजू, मला जी जास्त प्रिय आहे. डेल्फीचं नाव ऐकलं असेल, प्राचीन ग्रीसमधलं, जिथे पुजारीण तंद्रीत जाऊन भविष्य सांगायची. प्लुटार्क स्वतः तिथे पुरोहित होता आणि त्याने लिहून ठेवलंय की त्या दालनात कधी कधी सुगंधी वाफ यायची. अभ्यासकांनी ते बराच काळ उडवून लावलं होतं. मग भूशास्त्रज्ञ डी बोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास दाखवलं की मंदिराच्या खालीच दोन भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेल्या मोठ्या भेगा, एकमेकांना छेदतात आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात इथिलीनचे अंश सापडले. इथिलीन गोडसर वासाचा वायू आहे आणि पूर्वी भूल द्यायला वापरत असत. या निष्कर्षावर वाद आहेत, सगळे मान्य करत नाहीत, पण बघा ना, माणसांनी कुठलंही उपकरण नसताना बरोबर भ्रंशावरची जागा निवडली.

झरे तर बहुतेक वेळा भेगांवर किंवा दोन खडक भेटतात तिथेच फुटतात. खडक बदलला की माती बदलते, माती बदलली की झाडं बदलतात, सावली बदलते, हवा बदलते. चालताना "इथे काहीतरी वेगळं आहे" असं वाटलं तर मी आधी पायाखाली बघतो, आणि बऱ्याचदा तिथे खरंच काहीतरी वेगळं असतं. सीमारेषा शोधा मंडळी, जिथे रान संपून माळ सुरू होतो, दगड संपून वाळू सुरू होते, दोन प्रवाह मिळतात, तिथे.

पाऊलवाट

भूशास्त्री, सीमारेषेचं वाचून मी थक्क झाले! माझ्या ज्या चार-पाच जागा आहेत त्या आठवून बघितल्या, एक सोडून सगळ्या अशाच कडेला आहेत. ओढा आणि रान, माळ आणि उतार. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

डोंगरवेडा, तुमची पोस्ट वर पिन करता आली असती तर केली असती.

नवखा

एक प्रामाणिक प्रश्न. मला काहीच वाटत नाही. खरंच काही नाही. मागे कामानिमित्त अमेरिकेत होतो तेव्हा सेडोनाला मुद्दाम गेलो. तिथे चार जागा फेमस आहेत, बेल रॉक, कॅथीड्रल रॉक, एअरपोर्ट मेसा आणि बॉयंटन कॅन्यन, म्हणे तिथे ऊर्जेचे भोवरे आहेत. लाल डोंगर अप्रतिम, वादच नाही. पण शेजारी बसलेल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एक जण हात पसरून उभा होता आणि मी मात्र पार्किंगची वेळ संपेल का याचाच विचार करत होतो. परत येताना वाईट वाटलं. माझ्यातच काहीतरी बंद आहे का? हे शिकता येतं की उपजतच लागतं?

अनवट

@नवखा, दादा, तुमच्यात काही बंद नाही. यादीतल्या जागी आपण परीक्षेला बसल्यासारखे जातो. आता वाटेल, मग वाटेल, शेजाऱ्याला वाटलं मला का नाही. इतकी वाट बघत बसल्यावर आतलं काही ऐकू कसं येणार.

ब्रह्मसूत्रात एक सूत्र आहे, चौथ्या अध्यायात, "यत्रैकाग्रता तत्राविशेषात्". ध्यानाला कुठे बसायचं याचं उत्तर आहे ते, जिथे मन एकाग्र होईल तिथे, दिशेचा, स्थळाचा, काळाचा खास असा नियम नाही. मला हे सूत्र म्हणजे मोठी मोकळीक वाटते. निवांत यांनी दिलेलं वर्णन वाचून कोणी म्हणेल की ओढा पाहिजे, झुळूक पाहिजे, भुंगा नको, माझ्याकडे यातलं काहीच नाही मग मी काय करू. तर त्याच्यासाठी हे. जागा चांगली की वाईट हे जागेकडे बघून ठरवायचं नाही, तिथे बसल्यावर मन कुठे जातं त्यावरून ठरवायचं.

एक करून बघा. घरापासून चालत जाता येईल अशीच जागा घ्या, नाव नसलेली. महिनाभर तिथेच जा. दुसरीकडे जायचं नाही, तुलना करायची नाही.

चकवा

@नवखा अनवट म्हणतात ते करून बघाच. आकड्यांचा आधार हवा असेल तर इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांचा अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये छापून आला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग तो वेळ एकदम असो की तुकड्या-तुकड्यांनी. कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही हे खरं. पण दोन तास म्हणजे आवाक्यातलं आहे. जपानच्या वनखात्याने तर १९८२ मध्येच "शिनरिन-योकू" हा शब्द काढला, वनस्नान. त्यात शोधायचं काही नसतं, नुसतं रानात हळू हळू असायचं.

सावली

मला भीतीबद्दल लिहायचं आहे कारण एकट्या फिरणाऱ्या बायका हा धागा वाचत असतील.

आतल्या आवाजाच्या मागे जा म्हणतो आपण, पण आत भीतीचाही आवाज असतो, चिंतेचाही असतो. मी फरक कसा करते ते सांगते. चिंता खूप बोलते. ती कारणं देते, गोष्टी रचते, असं झालं तर तसं झालं तर, आणि घरी सोफ्यावर बसूनही तेच बोलत असते. आतून येणारी सूचना छोटी असते. "वळ." "इथे नको." कारण सांगत नाही, वाद घालत नाही, दुसऱ्यांदा म्हणेलच असंही नाही.

एकदा नेहमीच्या, अगदी लाडक्या जागी चालले होते, शंभर पावलं उरली असतील आणि "आज नको" एवढंच आलं. हवा छान, वाट ओळखीची, काही कारण नाही. मी परत फिरले. का ते आजतागायत कळलेलं नाही आणि कळायला हवं असंही वाटत नाही. "नको" आलं की तपासत बसायचं नाही, निघायचं. "ये" आलं की मात्र तपासायचं, घाई नाही, उद्या पण जाता येईल. हा माझा नियम आहे. आणि कुठे चाललोय ते घरी कोणाला तरी सांगून जा, आतल्या आवाजावर विश्वास असला तरी.

वाटसरू_२

वाचतोय, सुंदर धागा. पाऊलवाट, त्या ओढ्याचं लोकेशन टाका ना, वीकेंडला ग्रुप घेऊन जाऊ आम्ही.

पाऊलवाट

@वाटसरू_२ राग मानू नका पण नाही टाकणार. हेवा म्हणून नाही. मी अशीच एक जागा पूर्वी चार लोकांना सांगितली होती. चाराचे चाळीस झाले, दगडांचे मनोरे उभे राहिले, शेवाळ घासून नावं कोरली, ओढ्यात प्लास्टिक. तो दगडांचा मनोरा साधा वाटतो पण प्रत्येक दगडाखाली कोणाचं तरी घर असतं, किडे, बेडूक, छोट्या अळ्या, दगड उचलला की ते घर गेलं. दोन वर्षांत तिथे बेडकांचा आवाज बंद झाला. मी शेवटची गेले तेव्हा कान लावून बसले होते, पाण्याशिवाय काही नाही. ती चूक माझी होती, माझ्या तोंडून गेली जागा.

आणि खरं सांगू, माझी जागा तुम्हाला लागू पडेलच असंही नाही. वाट चुकणं मला कामी आलं, ते लोकेशनने कसं मिळेल?

अनवट

याला जोडून. तिथून काही उचलून आणू नका. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे, तिथून लोक खडे उचलून नेतात, आणि मग कित्येक जण वर्षांनी ते पोस्टाने परत पाठवतात, माफीची चिठ्ठी लिहून. इतके येतात की तिथे त्यांना "सॉरी रॉक्स" असं नावच पडलंय. तिथले मूळ लोक, अनांगू, ते तर कित्येक वर्षं सांगत होते की यावर चढू नका, २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली तेव्हा कुठे थांबलं. ज्या जागेला कोणीतरी आपल्या आधीपासून जपतंय तिथे आपला आतला आवाज काहीही म्हणो, आधी त्यांचं ऐकायचं. कैलासावर कोणी चढत नाही, भोवतीने फिरतात. मला ती रीत फार आवडते, जवळ जायचं पण पाय द्यायचा नाही.

भूशास्त्री

अनवट, +१. खडे तर मी भूशास्त्राचा असून हल्ली उचलत नाही. हातात घेतो, भिजवून बघतो आणि ज्या खळीतून काढला त्याच खळीत परत ठेवतो.

ओंजळ

माझं वाकलेलं झाड मागच्या वादळात पडलं. परवा गेले होते. मुळांसकट उपटलंय, तळ्यात अर्धं आहे. मला वाटलं होतं मी कोसळेन पण तसं नाही झालं. मूळ उपटलं तिथे मोठा खड्डा पडलाय, त्यात पाणी साठलंय आणि ती गुळगुळीत साल अजून वरच्या बाजूला आहे, हात पुरतो. मुंग्या दिसल्या नाहीत. थोडा वेळ काठावर बसले. जागा अजून आहे असं वाटलं, झाड नसलं तरी. नक्की सांगता येत नाही, आणखी दोनदा जाऊन बघते, पाऊलवाट ताई म्हणतात तसं.

पाऊलवाट

ओंजळ, जा नक्की. आणि लिही इथे.

नवखा

महिना झाला म्हणून अपडेट देतो.

अनवट यांनी सांगितलं तसं एकच जागा धरली. घरामागे चालत वीस मिनिटांवर एक नाला आहे, पावसाशिवाय कोरडाच असतो, तिथे एका आडव्या कातळावर बसतो. नाव नाही, व्ह्यू नाही. पहिला आठवडा नुसता घड्याळाकडे बघत होतो. दुसऱ्या आठवड्यात एवढंच कळलं की त्या कातळाची एक बाजू सकाळी गार आणि संध्याकाळी बराच वेळ ऊबदार असते, मग संध्याकाळी जायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ऑफिसातून फार वैतागून आलो होतो, जायचं नव्हतं, चपला घातल्या आणि गेलो.

भारी काही नाही झालं. पण एक पक्षी, तपकिरी, छोटा, शेपटी सारखी वर-खाली करणारा, माझ्यापासून दोन हातांवर येऊन वाळू उकरत बसला. मी हललो नाही. तो उडून गेल्यावर लक्षात आलं की मी तोंडाने नाही, नाकाने श्वास घेतोय आणि तो खाली पोटापर्यंत जातोय. पहिल्या पोस्टमध्ये ताईंनी लिहिलं होतं ना, ते आठवलं.

उद्या परत जाणार आहे. ही तिसरी नाही, दुसरीच वेळ धरतो.